सहावीच्या वर्गात आई

रोह्याला आम्ही राहायला आलो तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. वाऱ्याची दिशा बरोबर असली की धाटावच्या कंपन्यांचे भोंगे आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत. वारा उलटा असला की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न वेळ सांगे. दादा, म्हणजे माझे वडील, त्या बसने जायचे. आठवडाभर पहिली शिफ्ट, मग दुसरी, मग तिसरी, असं ते चाक फिरत राहायचं आणि आमचं जेवण, माझा अभ्यास, शेजाऱ्यांशी मोठ्याने बोलायची परवानगी, सगळं त्या चाकाबरोबर फिरायचं. तिसरी शिफ्ट असली की दिवसभर घरात कुजबुज. शेजारच्या घरात कुणी पाटावरवंटा काढला तरी आई दारात जाऊन हाताने खूण करायची, ‘झोपलेत.’ दादांच्या कपड्यांना कसलातरी कडवट, औषधासारखा वास यायचा. तो साबणाने जात नसे, म्हणून त्यांची बादली वेगळी होती. आजही एखाद्या दवाखान्याच्या जिन्यात तसा वास आला की मला आधी ती हिरवी बादली दिसते.

दादा मूळचे पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर. दादांनीही लग्नानंतर काही वर्षं मिठागरात काढली होती, आणि त्यांच्या तळपायांना पडलेल्या भेगा कंपनीचे बूट घालायला लागल्यावरही बुजल्या नाहीत. आई रोह्याच्या आतल्या बाजूची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. त्यामुळे आमच्या ताटात दोन्ही बाजू एकत्र यायच्या. तांदळाची भाकरी दोघांची. पण दादांना तिच्याबरोबर सुका जवळा नाहीतर भाजलेला बोंबील लागे आणि आईला वालाचं बिरडं. भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसणं हे आमच्या घरातलं न संपणारं काम होतं. ते करताना बोलता येतं, पाढे म्हणता येतात आणि रडताही येतं, असं आई म्हणायची. रडताना मात्र मी तिला फारसं पाहिलं नाही.

एकच गोष्ट अशी होती जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आम्ही खाडीकाठच्या गावात राहत होतो तेव्हा माझ्या पाठीवर आईला मुलगा झाला होता. दिवस पावसाळ्याचे, बांधावरची वाट चिखलाने बंद झालेली, आणि नर्सला आणायला गेलेला माणूस तिला घेऊन पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी चार-पाच वर्षांची असेन. मला आठवतात त्या फक्त दाराबाहेर काढून ठेवलेल्या नर्सच्या चिखलाने भरलेल्या चपला आणि आजीचं एक वाक्य, ‘आता कशाला आली गो बाय.’ त्यानंतर वर्षभराने दादांनी धाटावला नोकरी धरली. नोकरीसाठी आम्ही गाव सोडलं असं सगळे म्हणत. आई तसं म्हणत नसे. ती काहीच म्हणत नसे.

रोह्यात आमच्या घरापासून जवळच एका डॉक्टरीणबाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. चार खाटा, पुढे ओटी, मागे विहीर. तिथे आई आया म्हणून लागली. सकाळी आठ ते रात्री आठ अशी तिची ड्युटी. फरशी पुसण्यापासून सुरुवात झाली, पण वर्षभरात डॉक्टरीणबाई अवघड वेळी ‘सुमनला बोलवा’ म्हणू लागल्या. तिचे हात थंड असत आणि आवाज कधी चढत नसे. एकदा त्या तिला म्हणाल्या, ‘अगं, तू दहावी पास असतीस तर अलिबागला नर्सच्या ट्रेनिंगला पाठवली असती मी तुला. आयुष्यभर फडकीच धुणार का?’ डॉक्टरीणबाईंनी ते बहुधा सहज म्हटलं असेल. आईने घरी येऊन चूल पेटवायच्या आधी मला विचारलं, ‘दहावीची पुस्तकं कुठे मिळतात गं?’

आई सातवी शिकलेली. बाहेरून दहावीला बसायचं ठरलं तेव्हा दादा हसले. त्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, निघेल. पण खूळ काही निघालं नाही. मराठी, इतिहास, भूगोल ती भाकऱ्या थापता थापता पाठ करायची. शास्त्रातलं शरीराचं प्रकरण तर तिला पुस्तकापेक्षा जास्त येत होतं. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि निकाल लागला तेव्हा ती सगळ्या विषयांत पास होती, गणित सोडून. गणितात मात्र इतकी खाली होती की पुन्हा तपासून घ्यायचा प्रश्नच नव्हता. दादा म्हणाले, ‘झालं ना? हौस फिटली?’ त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आईने निकालाचा कागद डब्याखाली ठेवला आणि ‘ऑक्टोबरला परत असते’ एवढंच म्हणाली.

मी तेव्हा सहावीत गेले होते, आणि माझं गणित बरं होतं. बरं म्हणजे मी सांगितलेलं मुकाट्याने करणारी मुलगी होते. त्यामुळे आईला गणित शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दहावीच्या पुस्तकातलं पहिलंच समीकरण सोडवताना आई अडली, मी मागे गेले. तिथेही अडली, आणखी मागे गेले. आणि अशी मागे मागे जात मी माझ्या स्वतःच्या सहावीच्या पुस्तकावर येऊन थांबले. अपूर्णांकांची बेरीज. तळ तिथे लागला. आईने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असं लिहिलं होतं, वरचे वर मिळवले आणि खालचे खाली.

‘असं नाही करायचं,’ मी म्हटलं. ‘छेद वेगळे आहेत. आधी समच्छेद करायचे. दोन आणि तीनचा लसावि सहा. मग तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश. पाच षष्ठांश.’

‘का?’

‘का म्हणजे? तसंच असतं.’

‘अगं पण सरळ मिळवले तर काय बिघडलं?’ आईच्या मांडीवर वालाची परात होती. ‘पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतो, ते मला कोण शिकवतंय? लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं पाठ केलंय मी. पण हा एक तृतीयांश कुठल्या दुकानात मिळतो ते सांग मला. पावशेर मिळतो, अर्धा शेर मिळतो. तृतीयांश तेल द्या म्हटलं तर वाणी काय देईल?’

मी पुन्हा रीत सांगितली, तिने पुन्हा ‘का’ विचारलं. ती रीत तिला पाठ करता आली असती. इतिहासातल्या लढाया केल्याच होत्या की पाठ. पण गणितात तिचं मन असं आडवं बसायचं की कळल्याशिवाय हात चालायचाच नाही. तीन-चार दिवस हेच चाललं. शेवटी मी रडकुंडीला आले आणि शाळेत मधल्या सुट्टीत प्रधान बाईंकडे गेले.

प्रधान बाई आम्हाला गणित शिकवायच्या. उंच, किडकिडीत, इस्त्रीची सुती साडी, आणि खडू असा धरायच्या की पदराला कधी पांढरा डाग पडला नाही. वर्गात त्यांचा धाक होता. मी त्यांना विचारलं, ‘बाई, छेद सारखे का करायचे?’ त्यांनी विचारलं, ‘तुला अडलंय?’ मी म्हटलं, ‘मला नाही. आईला.’ मग सगळं सांगावं लागलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सोमवारपासून तेच प्रकरण घेणार आहे. आईला म्हणावं, येऊन बसा. हेडसरांना मी सांगते.’

मला वाटलं होतं, बाई मला एक वाक्य देतील आणि ते घेऊन मी घरी जाईन. आई वर्गात येऊन बसेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मला अजिबात नको होतं. पण निरोप दिला. आई म्हणाली, ‘डॉक्टरीणबाईंना विचारून बघते. दुपारी जरा मोकळं असतं.’

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर आई आली. प्रसूतिगृहातली फिकट निळी साडी, पदर खोचलेला, हातात माझीच जुनी पाटी. मुलींच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर ती बसली तेव्हा बाकाची फळी करकरली आणि वर्गात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, ‘ही तर आमच्या भावाच्या वेळची आया.’ मी पुढे बघत राहिले. माझे कान इतके तापले होते की पहिली दहा मिनिटं बाई काय म्हणाल्या ते मला कळलंच नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, आईचं वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. आज माझ्या सूनबाईंचं आहे त्याहून कमी. मला ती त्या बाकावर म्हातारी वाटली होती.

बाईंनी फळ्यावर तेच लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, आणि म्हणाल्या, ‘कोण करतं?’ मी हात वर केला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर मागे नेली. ‘सुमनताई, तुम्ही या.’

आई फळ्याशी गेली. तिने खडू घेतला आणि दोन पंचमांश लिहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. रोज सांगत होते! पण ती वळून म्हणाली, ‘बाई, उत्तर पाच षष्ठांश आहे ते माझ्या मुलीनं सांगितलंय मला. ते लिहिलं असतं तर तुम्ही बरोबरची खूण दिली असती. पण मला वाटतं ते हे आहे. हे का चुकलं ते सांगा.’

बाईंनी टेबलाला टेकून हाताची घडी घातली. ‘तुमच्याकडे अर्धी भाकरी आहे. मी तुम्हाला आणखी थोडी दिली. तिसरा हिस्सा. आता तुमच्याकडे अर्धीपेक्षा जास्त आहे का कमी?’

‘जास्त,’ आई म्हणाली. मागून पोरंही म्हणाली, ‘जास्त.’

‘आणि दोन पंचमांश? भाकरीचे पाच तुकडे केले, त्यातले दोन. ते अर्धीपेक्षा जास्त का कमी?’

आईने फळ्यावर एक गोल काढला, पुसला, पुन्हा काढला. पाच सारखे तुकडे करणं अवघडच. मग ती बोटांवर काहीतरी बघत राहिली. ‘पाचाचं अर्धं अडीच,’ ती हळूच म्हणाली. ‘दोन म्हणजे कमी.’ आणि मग एकदम, ‘अगो बाई! भर घातली आणि कमी झालं!’

सगळे हसले, बाईसुद्धा. आई पण हसली. या हसण्याने माझ्या कानांना काही झालं नाही, हे मला आठवतं.

पण ती जागेवर जाईना. ‘हे चुकलं ते कळलं. पण तुमचं बरोबर का ते नाही कळलं. अर्ध्याचे तुम्ही तीन षष्ठांश केलेत. मग ते अर्धं राहिलं कुठं? मोडलंत की तुम्ही ते.’

बाईंनी वर्गाला विचारलं, ‘कोण सांगेल?’ कुणीच हात वर केला नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मलाही ते ठाऊक नाही; मी फक्त गुणत होते. बाईंनी टेबलाच्या खणातून वह्यांना घालायचा खाकी कागद काढला, त्याच्या दोन लांब पट्ट्या फाडल्या. एक मधोमध दुमडली, दुसरी तीनात दुमडली. दोन्ही उलगडून एकीवर एक धरल्या. घड्या जुळत नव्हत्या. ‘आता यांना मिळवायचं कसं? तुकडाच सारखा नाही. म्हणून दोघांनाही चालेल असा तुकडा शोधायचा.’ त्यांनी पहिल्या पट्टीच्या प्रत्येक अर्ध्याचे तीन आणि दुसरीच्या प्रत्येक हिश्शाचे दोन भाग होतील अशा त्या पुन्हा दुमडल्या. आता घड्यांवर घड्या बसल्या. ‘कागद फाटला का?’ त्यांनी आईला विचारलं. ‘नाही,’ आई म्हणाली. ‘मग मोडलं काय?’ आईने पट्टी हातात घेऊन अर्ध्यावर अंगठा ठेवला, मग एक दोन तीन असे तुकडे मोजले, परत अंगठा ठेवला. ‘तेवढंच आहे,’ ती म्हणाली. ‘नुसतं मोजायचं माप बदललं.’

एवढ्यात वर्गाच्या दाराशी प्रसूतिगृहात कामाला असलेली दुसरी बाई धापा टाकत आली. ‘सुमनताय, चला, चणेऱ्याकडची बाय आलीय, टेम्पोत.’ आई पाटी तिथेच टाकून गेली. खाकी पट्टी मात्र तिच्या हातात राहिली.

ती आठवडाभर येत राहिली. पोरांना सवय झाली. एक-दोघी तर तिच्या बाकावर जागा धरायला लागल्या, कारण आई बाईंना प्रश्न विचारायला घाबरत नसे आणि त्यांचे प्रश्नही ती विचारून टाकायची. शनिवारी बाईंनी सगळ्यांना सांगितलं की आपल्या घरातलं असं उदाहरण द्या, ज्यात छेद वेगळे आहेत. कुणी शेत सांगितलं, कुणी कापड सांगितलं. आई उठली.

‘माझी ड्युटी बारा तासांची. म्हणजे अर्धा दिवस. ह्यांची शिफ्ट आठ तासांची, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा. तिसरी शिफ्ट असली की मी घरी येते आणि ते निघतात, ते येतात आणि मी निघते. अर्धा अधिक एक तृतीयांश. म्हणजे तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश.’ ती फळ्याकडे न बघता बोलत होती. ‘पाच षष्ठांश दिवस आमच्यातलं कुणीतरी एक कामावर असतं. दोघंही घरात असतो तो एक षष्ठांश.’ ती थांबली. हे गणित तिने घरून करून आणलं नव्हतं, तिथेच उभं राहून केलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ‘एवढंच असतो,’ ती म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी ‘बरोबर’ म्हटलं आणि पुढच्या मुलीला उठवलं.

त्या आठवड्यात दादांची तिसरीच शिफ्ट होती. रात्री आई आली, दादा जेवायला बसले. नेहमीसारखं तिने एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचं असं चालू होतं. मी न राहवून वर्गातलं सगळं दादांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटेल.

दादांनी घास खाली ठेवला. ‘आनि बसचा वेळ? जाता येता पाऊन तास जातो तो कुनी धरायचा?’

‘तो नाही धरला,’ आई म्हणाली.

‘मंग तेवढाबी नाय. त्यातच माजी आंघोळ, त्यातच जेवान.’ ते घोटभर पाणी प्याले. मग म्हणाले, ‘आनि जो काय रायला, त्यात तू पुस्तक घेऊन बसतंस.’

आईने पुस्तक मिटलं नाही. ‘व्हय. बसते.’

‘मला नाय वाटत का, दोन शब्द बोलावं? कंपनीत मशीनच्या आवाजात कोन कोनाशी बोलत नाय. घरी आलो तं तू झोपवून जातंस. उठलो तं घर रिकामा.’

दादा असं कधी बोलत नसत. मला वाटलं होतं, त्यांना आईच्या शिकण्याचा राग आहे. त्यांना राग नव्हता. त्यांना करमत नव्हतं. आईलाही हे तेव्हाच कळलं असावं, कारण पुस्तक मांडीवर उपडं ठेवून ती त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, ‘त्या दिवशी नर्स वेळेवर आली असती तर तो आज शाळेत जाता. मी दुसरं काय करू सांगा.’

त्या मुलाबद्दल आमच्या घरात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. बाहेर कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. दादांनी हात धुतला. कोपऱ्यातली वालाची परात ओढून मांडीवर घेतली आणि म्हणाले, ‘वाच. मोठ्यानं वाच पन. मीबी ऐकतो.’

त्यांना वाल सोलता येत नसत. डाळिंब्या मोडायच्या, अर्धी सालं तशीच राहायची. बस येईपर्यंत ते सोलत बसले आणि आई मोठ्याने गणितं वाचत बसली, आणि मध्येच दादा म्हणाले, ‘थांब थांब, त्यो नऊ कुठनं आला?’ पुढे तेच आमचं ठरून गेलं. मी शिकवायची, आई सोडवायची, आणि दादा ‘कुठनं आला’ विचारायचे. मोडक्या वालांचं बिरडं आम्ही त्या काळात पुष्कळ खाल्लं. चवीत काही फरक पडत नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्र पेणला आलं. मी आता पेणलाच राहते, पोस्टातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्या शाळेवरून बाजारात जाते-येते तेव्हा दरवेळी काही आठवतं असं नाही. रोह्याहून एसटीने यायला तेव्हा जितका वेळ लागत असे, तितकाच रस्त्याच्या कामांमुळे आजही लागतो, एवढं मात्र आठवतं. पेपर सकाळी लवकर, म्हणून आम्ही आदल्या दिवशी खाडीकाठी आजीकडे उतरलो. तो मुलगा गेल्यावर आई त्या घरात फक्त सणावाराला आली होती. आजी तोंडाने फटकळ. ‘पोरीच्या वयात पोर शाळंत जाते, आयशीच्या वयात आयस जाते, नवीनच हाय सगळं,’ असं तिने शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. पण सकाळी अंधारात उठून तिने भाकऱ्या भाजल्या, जिताडा माशाचा तुकडा तळून डब्यात घातला, आणि बांधावरून रस्त्यापर्यंत स्वतः पोचवायला आली. जाताना आईला म्हणाली, ‘ती नर्स बाय झालीस का या गावात बदली माग गो.’ आई वाकून तिच्या पाया पडली. आजीने डोक्यावर हात ठेवला तो काही वेळ काढलाच नाही.

पेपर देऊन आई बाहेर आली तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ‘कसा गेला?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘तीन छेद वेगवेगळे होते एकात. केले सारखे.’ आणि मग, ‘भूक लागली गं.’ दुपारच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली ती रोह्यापर्यंत.

निकाल लागायचा होता त्या दिवशी दादा तिसऱ्या शिफ्टहून सुटले, आणि बसमधून घरी न उतरता स्टँडवर उतरून पेपर घेऊन आले. तेव्हा पेपरात पास झालेल्यांचे नुसते नंबर छापून येत, मुंग्यांच्या रांगांसारखे. दादा घरी आले तेव्हा आई नव्हती. नागोठण्याकडची एक बाई अडली होती म्हणून पहाटेच तिला बोलावणं आलं होतं. दादांनी मला पेपर दिला. ‘तू बघ. माजे डोळे जागरनाचे.’ मी बोट ठेवत गेले. नंबर सापडला. त्यांनी स्वतः पुन्हा बघितला, मग चप्पल तशीच पायात सरकवून, कंपनीच्या वासाच्या कपड्यांनिशी, माझा हात धरून निघाले.

प्रसूतिगृहाच्या ओटीवर पुरुषांनी थांबायचं, आत जायचं नाही. दारावर हिरवा पडदा. दादांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली, ‘अगो!’ आतून एका बाईच्या कण्हण्याचा आवाज आला आणि त्यावरून आईचा, नेहमीसारखा खालच्या पट्टीतला, ‘थांबा म्हणावं त्यांना. डोकं दिसतंय.’

दादा बाकड्यावर बसले. तिथे आधीपासून एक म्हातारा बसला होता, आतल्या बाईचा सासरा. खांद्यावर पंचा, हातात रिकामी थैली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

‘तुमचं बी आत हाय का कोन?’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘व्हय. बायको.’

‘पयली खेप?’

दादांनी मांडीवरच्या पेपराकडे पाहिलं. ‘दुसरी,’ ते म्हणाले.

म्हाताऱ्याने समजुतीने मान हलवली. ‘दुसरी सोपी जाते,’ तो म्हणाला.

थोड्या वेळाने आत रडण्याचा आवाज उठला, बारीक आणि चिडलेला. म्हातारा उठून उभा राहिला. पडदा बाजूला झाला आणि आई आली. कोपरापर्यंत ओले हात, कपाळावर केस चिकटलेले. ती आधी म्हाताऱ्याला म्हणाली, ‘मुलगी आहे बाबा. दोघी चांगल्या आहेत.’ मग दादांकडे वळली.

‘आला का नंबर?’

‘आला.’

‘आणि गणितात?’

‘नंबर आला म्हंजी सगळ्यातच आला.’

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. ओल्या हातांमुळे तिला पेपर धरता येईना, म्हणून मी तो तिच्यासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. तिने नंबर ओठांतल्या ओठांत वाचला. ‘बरं,’ ती म्हणाली. आत डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, तशी ‘बाळाचं वजन करायचं राहिलंय’ म्हणून ती पडदा सारून गेली.

म्हातारा अजून उभाच होता. त्याने डोळे पुसले, पंचा पुन्हा खांद्यावर टाकला आणि काळजीने दादांकडे वळला.

‘आनि तुमच्या बायकोचं काय झालं?’

‘पास झाली,’ दादा म्हणाले.